पिकदाणी डाव्या हाताला

कल्याण, ता. २ आक्टोबर १८८९

तुळसाबाई, तळ्याकाठी, मुक्काम ठाणे, यांस,

आपणांस आरंभी काय लिहावे याच विचारात माझी अर्धी दौत वाळली. पत्रे कशी लिहावी हे शिकविणारे एक पुस्तक मजजवळ आहे. नवरा असलेल्या बाईस सौभाग्यवती लिहावे, नसलेल्या बाईस गंगाभागीरथी लिहावे, असे त्यात स्वच्छ दिले आहे. आपल्यासारख्या बाईस काय लिहावे ते पान ग्रंथकर्त्याने घातलेले नाही. म्हणून नुसते नाव लिहिले. राग नसावा.

मी श्रीपाद सखाराम टिपणीस, येथील शाळेत दुसरा मास्तर आणि नीतिवर्धक मंडळीचा चिटणीस. नायकिणींच्या पायी शिकलेल्या तरुणांची कशी धूळधाण होते हे लोकांस दिसावे म्हणून मी 'कुसंगदाह' नावाचे नाटक रचिले आहे. त्यातील नायकीण चंचलाक्षी ही सर्व अनर्थाचे मूळ आहे.

अडचण अशी आली. नायकिणीच्या दिवाणखान्यात काय काय असते, असे मी तालमीत विचारले. मंडळीचे अकराही सभासद म्हणाले की देवाशपथ, ती पायरी आम्ही कधी चढलो नाही. मग मीच अंदाजाने बैठक मांडू लागलो आणि पिकदाणी लोडाच्या उजव्या हाताला ठेवली. तेव्हा सात जण एकदम म्हणाले, "डाव्या हाताला." मी ती उचलून डाव्या हाताला ठेवली.

मी मात्र खरोखरच अजाण असल्यामुळे आपणांस विचारतो. पुरुष आल्यावर आपण प्रथम काय बोलता? दारूचा पेला कोणत्या हाताने देता? खंजीर कोठे ठेविता? तो तिसऱ्या अंकात लागतो. हे सर्व केवळ ज्ञानासाठी आहे, हे लक्षात असू द्यावे.

उत्तर शाळेत पाठवू नये. घरी तर नकोच. कल्याणच्या पोस्टात राखून ठेवावे असे लिहावे, मी जाऊन घेईन.

श्रीपाद सखाराम टिपणीस


ठाणे, ता. ५ आक्टोबर १८८९

रा. रा. श्रीपादराव टिपणीस यांस तुळसाबाईचा नमस्कार. विनंती विशेष.

आपले पत्र आईला वाचून दाखविले. ती दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. पिकदाणीपाशी आले तेव्हा तिला इतके हसू आले की पाठ चोळून द्यावी लागली. पुन्हा एकदा वाच म्हणाली.

मला काय लिहावे याची चिंता करू नका. 'अखंड सौभाग्यवती' लिहीत जा. ते का, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा.

पिकदाणी डाव्या हातालाच असते. आपल्या सात सभासदांची स्मरणशक्ती चांगली आहे. पुरुष आला की प्रथम आम्ही म्हणतो, पाय धुवून या. तळ्याकाठी चिखल फार. दारू आमच्या घरी नाही, आईला वास सोसत नाही, म्हणून चहा देतो. तो उजव्या हातानेच देतो, डाव्या हाताने कोण देते? खंजीर नाही. विळी आहे, ती स्वयंपाकघरात असते. आलेला माणूस काय बोलतो हे आपण विचारले नाही, पण सांगते. बहुतेक जण सासूविषयी बोलतात. मग मी गायला बसते आणि दुसऱ्या अंतऱ्याला ते झोपतात. बाकी जे असते ते असते, मी नाही म्हणत नाही. पण त्यालाही खंजीर लागत नाही.

नाटक लिहून झाले असेल तेवढे पाठवा. आईला ऐकायचे आहे.

तुळसाबाई


कल्याण, ता. १२ आक्टोबर १८८९

तुळसाबाई यांस,

दोन अंकांची नक्कल सोबत पाठविली आहे. चहाविषयी मात्र मी आपले ऐकू शकत नाही. चहा पिऊन कोणाचा सर्वनाश झालेला माझ्या ऐकिवात नाही. पहिल्या अंकात नायक चहा पिऊ लागला तर प्रेक्षक उठून घरी जातील.

चंचलाक्षीचे काम कोपर गावचा विश्राम करणार आहे. मिठागरावर मुकादम आहे. गळा इतका गोड की मंडळीला दुसरा कोणी सुचलाच नाही. पण त्याला मिशी आहे, आणि वडील हयात असता मिशी काढायला तो तयार नाही. एकदा कोणी आग्रह केला तर म्हणाला, "बाप जिता हाय माझा. मिशी काढली त सारा कोपर रडत येल दारान." शिवाय तो चालतो तेव्हा डोक्यावर मिठाची पाटी आहे असे वाटते. यावर काही उपाय असल्यास कळवावा.

घरातल्या बायकांना विचारा असे आपण लिहिले. आमच्या घरात तीन बायका आहेत. मातुश्री माझ्याशी फक्त जेवणाविषयी बोलतात. धाकटी बहीण शकू तीन वर्षांपूर्वी विधवा झाली, तिला काही विचारवत नाही. तिचा पुनर्विवाह करावा असे माझ्या मनात आहे. मुरबाडचे एक मास्तर तयार आहेत. मंडळीतील सर्वांचा तत्त्वतः पाठिंबा आहे, मात्र त्या दिवशी प्रत्येकाला गावाला जायचे आहे. तिसरी माझी पत्नी सुहासिनी. हे नाव मीच ठेविले. तिला मी लिहावाचायला शिकवितो आहे, सध्या बाराखडीत आहे. मातुश्री म्हणतात की वाचणे हे नायकिणींचे काम, घरंदाज बाईचे नव्हे. त्यामुळे आपला उल्लेख घरात होतच असतो, पण विचारण्याजोगे वातावरण नाही.

आपले पत्र मी 'सन्मार्गबोध' या पुस्तकात ठेविले आहे. ते पुस्तक आमच्या घरी कोणीही उघडीत नाही.

श्रीपाद सखाराम टिपणीस


ठाणे, ता. २१ आक्टोबर १८८९

श्रीपादराव यांस नमस्कार.

दोन्ही अंक वाचले. वाचताना डोळ्यांत पाणी आले, आईच्याही आले. चंचलाक्षी विहिरीच्या काठावर बसून स्वतःशीच आपले दुर्गुण मोजते आणि एकूण एकवीस भरतात, तिथे तर मला पुढे वाचवेना.

चंचलाक्षी सबंध दोन अंकांत एकदाही जेवत नाही, तिला भूक लागते असे कुठे तरी घाला. ती दर वाक्याला हसते, ते कमी करा. दिवसभर हसणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, घाबरते. आणि ती शेवटी रस्त्यावर तडफडून मरते असे आपण योजिल्याचे दिसते. आमची आजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी अंथरुणावर जप करीत गेली. शेजारच्या घरात दोघी तशाच गेल्या. आपल्याला रस्ताच हवा असेल तर माझा इलाज नाही.

विश्रामला माझ्याकडे पाठवा, दर गुरुवारी दुपारी. उघड दारातून यावे, त्याला पाहून कोणाला संशय यायचा नाही. मिशीला उपाय सोपा आहे. पदर दातांत धरायचा आणि मान खाली घालायची. मिशी झाकली जाते आणि बाई लाजल्यासारखी दिसते.

तुळसाबाई


कल्याण, ता. १० नोव्हेंबर १८८९

तुळसाबाई यांस,

माझे नाटक वाचून आपले डोळे भरून आले हे वाचून मला जे वाटले ते शब्दांत मांडता येत नाही. ज्या वर्गाच्या सुधारणेसाठी लेखणी उचलली त्याच वर्गातील वाचकाने रडावे, याहून ग्रंथकर्त्यास काय हवे? मी ही गोष्ट नाव न घेता मंडळीत सांगितली. अध्यक्षांनी माझा हात दाबला.

विश्राम तीन खेपा आपल्याकडे येऊन गेला. आता त्याची नवीच पंचाईत झाली आहे. तो पदर दातांत धरून मान खाली घालून उभा राहतो, आणि चंचलाक्षी ही सबंध नाटकातली सर्वांत मर्यादशील बाई दिसते. नायकाची पतिव्रता पत्नी आमच्या शाळेचा शिपाई दगडू करतो, तो तिच्यापुढे पैलवान वाटतो. काल तालमीत चंचलाक्षी हळू आवाजात म्हणाली, "आपण घरी जा, वाट पाहत असतील," तेव्हा नायकच गोंधळला आणि खरोखर उठून गेला. हे वाक्य माझे नाही. कोणाचे, असे विचारता विश्रामने मान आणखी खाली घातली.

प्रयोग शनिवार ता. १४ डिसेंबर रोजी ठाण्यासच, तळ्याकाठच्या मैदानात मांडव घालून. वेळ दुपारी तीन. रात्रीचा खेळ नीतीला घातक असतो असा मंडळीचा ठराव आहे. बायकांसाठी चिकाच्या पडद्याआड वेगळी जागा केली आहे. ठाण्याच्या आणि कल्याणच्या सर्व कुटुंबांस बोलाविले आहे.

श्रीपाद सखाराम टिपणीस


ठाणे, ता. १४ नोव्हेंबर १८८९

श्रीपादराव,

आज हसण्याजोगे लिहिणार नाही.

विश्राम भोळा आहे. चहा पिता पिता तो सांगून गेला की खेळ संपला की मांडवाच्या दाराशी मेज मांडणार आणि एका अर्जावर सह्या घेणार. तळ्याकाठची नायकिणींची चार घरे उठवून माजिवड्याच्या पलीकडे खाडीकडेला घालवावी, असा तो अर्ज कलेक्टरसाहेबांकडे जायचा आहे. अर्ज चिटणिसांच्या हातचा आहे. अक्षर फार सुरेख आहे, असेही त्याने कौतुकाने सांगितले.

हे घर माझ्या आजीने बांधले. दारापासून माडीपर्यंत सतरा पायऱ्या आहेत. देवापासून मोरीपर्यंत अकरा पावले, आणि मोरीपासून अंथरुणापर्यंत नऊ. आई हे सगळे मोजून चालते, कोणाचा हात धरीत नाही. खाडीकडेच्या खोपटात तिला नवे आकडे कोण शिकविणार? पंचाहत्तरीच्या बाईला हे आता जमायचे नाही. ती एका जागी बसून राहील आणि बसल्या जागी संपेल.

तुम्ही मला पिकदाणी विचारलीत, मी सांगितली. माझ्या घरातली खडान्‌खडा माहिती मागितलीत, मी दिली. ती घेऊन तुम्ही माझेच घर उठवायला निघालात, आणि एका अक्षराने बोलला नाहीत. मला राग आला आहे आणि वाईटही वाटले आहे.

विश्रामला मात्र पाठवीत जा. त्याचे शिकणे अर्धे राहू नये.

तुळसाबाई


कल्याण, ता. २९ नोव्हेंबर १८८९

तुळसाबाई यांस,

पंधरा दिवस उत्तर लिहिले नाही. लिहिली होती तीन, फाडली.

अर्ज मी लिहिला हे खरे. मंडळीचा ठराव झाला, चिटणीस म्हणून मला लिहावा लागला. त्यात आपले नाव नाही, 'सदरहू घरे' एवढेच आहे. आपल्या मातुश्रींविषयी मला तेव्हा माहीत नव्हते. आता माहीत आहे, आणि माहीत नसते तर बरे झाले असते असे वाटते. पण सार्वजनिक काम एकदा हाती घेतले की ते माझे राहत नाही. अध्यक्षांना मी हळूच विचारून पाहिले. ते म्हणाले, टिपणीस, तुम्हांला कोणाचा एवढा कळवळा? 

आपले मन थोडे हलके व्हावे म्हणून कळवितो की चंचलाक्षी म्हणजे आपण नव्हे, हे प्रेक्षकांस ठळक दिसेल अशी योजना मी केली आहे. तिसऱ्या अंकात नवा प्रवेश घातला आहे. चंचलाक्षी नायकाच्या घरी जाते, त्याच्या पत्नीच्या गळ्यातले मंगळसूत्र हिसकावते आणि स्वतःच्या गळ्यात घालून आरशापुढे उभी राहते. असे कृत्य आपल्या हातून कधी होणार नाही, हे मी खात्रीने जाणतो. हा प्रवेश पाहून चिकाआडच्या एकूण एक बायका हंबरडा फोडतील. सह्यांच्या दृष्टीने अध्यक्षांची सर्व भिस्त याच प्रवेशावर आहे.

श्रीपाद सखाराम टिपणीस


ठाणे, ता. ३ डिसेंबर १८८९

श्रीपादराव,

तुमच्यावर रागावून माझे नुकसान आहे, पण न रागावणे जमत नाही. तुमचे मीठ खाल्ले नसले तरी तुमच्या पत्रांवर आम्ही पोटभर हसलो आहोत, म्हणून एक खरे सांगते.

मंगळसूत्राचा प्रवेश काढा. तो कोणाला पटायचा नाही. का, ते मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. पहिल्या पत्रात लिहिले तेच दुसऱ्यांदा लिहिते. घरातल्या बायकांना विचारा.

तुळसाबाई


कल्याण, ता. १६ डिसेंबर १८८९

तुळसाबाई यांस,

मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

परवा मांडव भरून गेला. पहिले दोन अंक बरे गेले, म्हणजे चंचलाक्षी आली की लोक सावरून बसत आणि पतिव्रता आली की पान खायला बाहेर जात. विश्रामने "घरी जा, वाट पाहत असतील" म्हटले तेव्हा एका म्हाताऱ्याने मोठ्याने "शहाणी आहे हो" असे म्हटले. मी पडद्याआडून पाहत होतो. तिसऱ्या अंकावर माझा भरवसा होता.

मंगळसूत्राचा प्रवेश आला. चंचलाक्षीने हात घातला. दगडूने हंबरडा फोडला. आणि चिकाआडून आधी एकच बाई हसली. तो आवाज अध्यक्षांच्या मातुश्रींचा होता असे मागाहून कळले. मग दुसरी हसली, मग दहा, मग सगळ्याच. चिकाचा पडदा हलत होता. कोणीतरी खोकत होते, कोणी "अगं पुरे, अगं पुरे" म्हणत होते. पुरुषांना काही कळेना. ते आधी रागावले, मग एकमेकांकडे पाहू लागले, आणि शेवटी तेही हसू लागले, कशाला हसतो हे ठाऊक नसताना. विश्राम मंगळसूत्र हातात धरून उभा होता. त्याने ते परत दगडूच्या गळ्यात घातले, नीट गाठ मारली, नमस्कार केला आणि आत निघून आला. नाटक तिथेच संपले.

मेजाशी मी दौत घेऊन बसलो होतो. लोक येत, अर्ज हातात घेत, तेवढ्यात बैलगाडीतून बायकोची हाक येई, आणि उद्या करतो म्हणून जात. आजपर्यंत सही एक नाही. अकरा सभासदांतही कोणाचा हात दुखतो, कोणाचे डोळे आले आहेत. अध्यक्ष म्हणतात, अर्ज घेऊन घरोघर जा. तो माझ्या पिशवीत आहे.

तुळसाबाई, माझ्या आयुष्यातील सर्वांत गंभीर प्रवेशाला आमच्या बायका का हसल्या? आता तरी सांगा.

श्रीपाद सखाराम टिपणीस


ठाणे, ता. १९ डिसेंबर १८८९

श्रीपादराव यांस नमस्कार.

माडीच्या खिडकीतून आम्हांलाही ते हसणे ऐकू आले. आईने ओळखले. म्हणाली, मंगळसूत्र आले वाटते.

आता बायका स्वतःच उघड्यावर हसल्या, तेव्हा सांगायला हरकत नाही. तुमच्या घरच्या लग्नात मुलीच्या गळ्यात जे काळे मणी पडतात, ते नायकिणीच्या हातचे ओवलेले असावे लागतात. सवाशिणीचा हात चांगला खरा, पण सवाशीण उद्या विधवा होऊ शकते. नायकीण होत नाही. म्हणून लग्न ठरले की बायजा कासारीण टोपलीत बांगड्यांखाली मणी घालून माझ्याकडे आणते, मी ओवते, आणि पोत त्याच टोपलीतून तुमच्या मागील दाराने आत जाते. आजीने ओवल्या, आईने ओवल्या, मी ओवते. ठाण्यात आणि कल्याणात हे प्रत्येक बाईला ठाऊक असते आणि एकाही पुरुषाला नसते. तुम्ही दाखविलेत की नायकीण पोत हिसकावते. चिकाआडच्या बायकांच्या गळ्यात होत्या त्या पोती माझ्या आणि आईच्या हातच्या. त्या हसतील नाही तर काय करतील?

आम्हांला नवरा नाही म्हणून तो मरत नाही, आणि तो मरत नाही म्हणून आम्ही अखंड सौभाग्यवती. हा विनोद ज्याने पहिल्यांदा केला तो तुमच्याहून मोठा नाटककार होता. मी तो रोज बाळगते, गळ्यात पोत नसताना, आणि कधी कधी मला त्याचे हसू येत नाही.

अर्ज घेऊन घरोघर जायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी विनवणी करणार नाही. पायऱ्या सतरा आहेत, एवढे लक्षात ठेवा.

तुळसाबाई


कल्याण, ता. २२ जानेवारी १८९०

अखंड सौभाग्यवती तुळसाबाई यांस श्रीपाद सखाराम टिपणीस याचा नमस्कार.

अखेर घरात विचारले. सुहासिनी भाजी चिरीत होती. तिने वर न पाहता एका बोटाने गळ्यातली पोत पुढे ओढली आणि म्हणाली, "तळ्याकाठची. तुमच्या आईंचीही." मातुश्री आतून म्हणाल्या की पुरुषाने असले काही विचारू नये. चौदा वर्षे मी ती पोत रोज पाहिली आहे.

अर्ज आता होणे नाही. कागद चांगला जाड होता आणि मागची बाजू कोरी होती, म्हणून तिच्यावर तिसरा अंक नव्याने लिहून काढला. अध्यक्ष विचारतात, तेव्हा कागद कामात आहे असे सांगतो. त्यांनीही हल्ली विचारणे सोडले आहे. त्यांच्या नातीचे लग्न वैशाखात आहे, असे कळते. मातुश्रींस सांगावे की आकडे बदलायची गरज नाही. माझ्या हातून जे झाले त्याबद्दल मला लाज वाटते.

आता मागणे मागतो. शकूचे लग्न ता. ६ फेब्रुवारीस ठरले. विधवेचे लग्न म्हणून बायजाने मण्यांची टोपलीच उचलून नेली. निदान सवाशिणीने तरी मणी ओवावे, तर गावातली एकही तयार नाही. शकू म्हणते, दादा, मण्यांवाचून होऊ दे. पण तिचे तोंड मला पाहवत नाही. ज्या हाताला वैधव्य ठाऊक नाही असा हात मला एकच माहीत आहे.

आपण पोत ओवावी, आणि जमल्यास स्वतः येऊन तिला आशीर्वाद द्यावा, अशी फार इच्छा आहे. मात्र लोक आधीच टपून बसले आहेत. तेव्हा आपण मागील दाराने यावे, दुपारी, लोक जेवायला बसतात तेव्हा. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण समजून घ्यावे.

श्रीपाद


ठाणे, ता. २५ जानेवारी १८९०

श्रीपादराव यांस अनेक आशीर्वाद. हो, आशीर्वादच. आईने लिहायला सांगितले.

पायऱ्या राहिल्या हे ऐकून ती उठली आणि सतराच्या सतरा खाली उतरून वर आली. कशाला, तर मोजून पाहते म्हणाली. मग माझ्याजवळ बसली आणि मी ओवीत होते तो एकेक मणी बोटाने चाचपत गेली. शकूची पोत आम्ही दोघींनी मिळून ओवली आहे. इतके जपून मी आजवर कोणाची ओवली नाही. बायजाला रागे भरले आहे. ती येईल आणि टोपलीतून पोत देऊन जाईल.

मी येत नाही. आईला पूर्वी लग्नाच्या मांडवात मानाने बोलावून गायला बसवीत. मग मंडळ्या निघाल्या, सुधारणा झाली आणि ते बंद पडले. आईने मांडव पाहिले, मी दारेच पाहिली, तीही मागची. तिथून मांडव दिसत नाही, चूल दिसते. या वयात तुमची चूल पाहायला कल्याणला येणे मला झेपायचे नाही. तुमची अडचण मला समजते. राग नाही.

तुळसाबाई


कल्याण, ता. २८ जानेवारी १८९०

अखंड सौभाग्यवती तुळसाबाई यांस सुहासिनी टिपणीस हिचा साष्टांग नमस्कार.

हे माझे पहिलेच पत्र. अक्षर मोठे आहे, माफी असावी. यांनी मला बाराखडीनंतर वाचायला 'सन्मार्गबोध' दिला. दिला तेव्हा आत काय ठेविले आहे ते हे विसरले. मी आपल्या पत्रांवरच वाचायला शिकले. 'पिकदाणी' हा मी लावून वाचलेला पहिला मोठा शब्द. शकूवन्संना मी रोज रात्री जेवणे झाल्यावर वाचून दाखवी. तीन वर्षांनी त्या प्रथम हसल्या त्या आपल्या विळीच्या गोष्टीला.

बायजा काल पोत घेऊन मागील दाराशी आली. मी ती घेतली नाही. त्याच टोपलीतून परत पाठविली आहे. ती आपण आपल्या हाताने आणावी आणि आपल्या हाताने वन्संच्या गळ्यात घालावी. तोपर्यंत वन्संचे लग्न लागणार नाही, असे त्यांनी स्वतः दादांना सांगितले आहे. सासूबाई काल दिवसभर बोलल्या नाहीत. आज म्हणाल्या, आणायचीच तर तिच्या आईलाही आण, माझ्या लग्नात गायली होती.

मागील दाराला मी कुलूप घातले आहे. किल्ली विहिरीत पडली असे यांना सांगितले. ती माझ्या कमरेला आहे. हे बराच वेळ विहिरीत वाकून पाहत होते, मग आत आले आणि म्हणाले, बरे झाले.

पुढल्या दाराला पायऱ्या पाच आहेत, आईंना सांगावे. उंबरा जरा उंच आहे.

मांडवात बैठक मी स्वतः मांडणार आहे. लोड, तक्क्या, तंबोऱ्याला जागा, चहा. पिकदाणी डाव्या हाताला.

सुहासिनी